थोरलीचं नाव : एका छोट्या ख्रिस्ती मंडळीची वही

आम्ही देवळाली प्रवराहून बोलतोय. नाशिकजवळचं लष्कराचं देवळाली ते वेगळं. आमचं देवळाली राहुरी तालुक्यातलं, पाटपाण्याचं आणि उसाचं. बाहेरच्या माणसाला हे दरवेळी सांगावं लागतं, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आजचा विषय बचतीचा नाही आणि कर्जाचाही नाही. पण तो निघाला आमच्या गटाच्या मासिक सभेतच. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि उठता उठता एका ताईनं विचारलं, "लेकीला नर्सिंगला घालायचंय. जातीचा दाखला कसा काढायचा?"

ताईचं सासर ख्रिस्ती. मुलीच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात एकच शब्द आहे, ख्रिस्ती. पुढं काही नाही. आता इथं थोडा कायदा सांगावा लागेल. १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींची यादी झाली, तेव्हा ती सवलत फक्त हिंदू धर्मातल्यांना होती. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती झालेले आजही त्यात नाहीत. आपल्या राज्यात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात. पण त्यासाठी मूळ जात कोणती ते दाखवावं लागतं, आणि १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून कुटुंब या राज्यात राहत होतं याचा कागद लागतो. नुसतं "ख्रिस्ती" लिहिलेला दाखला तिथं अपुरा पडतो.

ताईच्या सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मंडळीची वही बघा की. जुनी आहे." आम्ही विचारलं, कसली वही? तिथून हे सगळं सुरू झालं. गेले तीन महिने आम्ही दोघी-तिघी त्या वहीच्या मागं आहोत, आणि ती वही कुठून आली ते शोधता शोधता दोनशे वर्षं मागं जाऊन आलो.

आधी शब्दांचं बघू. ख्रिस्ती माणसं "आमची मंडळी" म्हणतात, तेव्हा ती आपल्या "घरची मंडळी कशी आहेत?" मधल्या मंडळीच्या जवळची गोष्ट असते. आपण चर्च म्हटलं की इमारत डोळ्यापुढं आणतो. त्यांच्या बोलण्यात आधी माणसं येतात, इमारत मागून. खेड्यात कित्येक मंडळ्यांना वर्षानुवर्षं इमारतच नव्हती. मंडळी सांभाळतो तो पाळक, त्याची बायको पाळकीणबाई. देवाच्या नावानं पाण्याचा विधी होतो तो बाप्तिस्मा. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस सगळ्यांनी मिळून घ्यायचा तो प्रभुभोजनाचा विधी. हा शेवटचा लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आणखी एक. आपल्यातल्या कितीतरी जणी सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला गेल्या आहेत, काहींनी नवसही फेडले आहेत. ते कॅथलिक लोकांचं ठिकाण. आम्ही ज्यांच्याबद्दल बोलतोय ते प्रोटेस्टंट. यांच्या उपासनेच्या जागी मूर्ती नसते, नवस नसतो. एक साधा क्रूस, खाली सतरंजी किंवा बाकं, शास्त्र आणि गीतांचं पुस्तक. पाळक संसारी माणूस असतो. दोघांची भांडणं जुनी आहेत, पण आपल्याकडं लग्नाकार्यात सगळे एका पंगतीला बसतात.

आता, "हा इंग्रजांनी आणलेला धर्म" असं आपल्याकडं सरसकट म्हणतात. आम्हीही म्हणायचो. खरी गोष्ट वेगळी निघाली. नगर जिल्ह्यातल्या जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्यांचं मूळ अमेरिकन लोकांच्या मिशनमध्ये आहे. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघे मुंबईला उतरले, तेव्हा कंपनी सरकारनं त्यांना परत जायला सांगितलं होतं. व्यापाराच्या गावात धर्माची कटकट सरकारला नको होती. ते चिकाटीनं राहिले. या कामाला पुढं अमेरिकन मराठी मिशन असं नाव पडलं.

डिसेंबर १८३१ मध्ये त्यांच्यातले तिघे, ग्रेव्हज, हर्वी आणि रीड, नगरला आले. सोबत बाबाजी रघुनाथ नावाचे मराठी गृहस्थ होते, जन्मानं ब्राह्मण, ख्रिस्ती झालेले. पुढच्याच वर्षी हर्वी पटकीनं गेला. १८३३ साली नगरात मूठभर माणसांची पहिली मंडळी उभी राहिली. म्हणजे आपल्या भागातली ही गोष्ट रेल्वेच्या आधीची आहे. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाली. भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं १९२६ साली. आज आपण ज्याला देवळालीचा परिसर म्हणतो, तो तेव्हा बाजरी-ज्वारीचा कोरडा मुलूख होता.

१८३९ साली नगरला सिंथिया फरार नावाची बाई आली. लग्न न केलेली, एकटी, साता समुद्रापलीकडून आलेली. त्याआधी मुंबईत ती मुलींच्या शाळा चालवत होती. नगरला तिनं १८६२ मध्ये मरेपर्यंत तेच केलं. तिच्या शाळा जोतीराव फुल्यांनी येऊन पाहिल्या होत्या आणि त्या पाहून आपल्याला मुलींची शाळा काढावीशी वाटली, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे फरारबाईंकडं घेतले असं त्यांचे चरित्रकार लिहितात. आपण दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो. गेल्या वर्षी आम्ही कार्यक्रमात फरारबाईंचं नाव घेतलं तर मागून कुणीतरी म्हणालं, "हे कशाला मध्ये आणता?" आम्ही तरी घेतलं. त्यामुळं सावित्रीबाई तसूभरही लहान होत नाहीत.

बरं, नगरातली ही गोष्ट खेड्यापर्यंत कशी पोचली? आम्हाला वाटायचं, गोरा साहेब घोड्यावरून आला, भाषण केलं आणि लोक ख्रिस्ती झाले. तसं फार कमी वेळा झालं. खेड्यात आधी यायचा तो मास्तर. नगरला मिशनच्या शाळेत शिकलेला, बहुधा महार किंवा मांग घरातला. तो महारवाड्यात, झाडाखाली नाहीतर एखाद्या पडवीत शाळा मांडायचा. दिवसा पोरं, रात्री कामावरून आलेली मोठी माणसं. अक्षर शिकायचं तर पुस्तक हवं, आणि पुस्तक म्हणजे मिशनचं पुस्तक, त्यात येशूच्या गोष्टी. अशी ती गुंफण होती.

रात्रीचं आणखी एक साधन होतं, कीर्तन. हो, कीर्तन! वीणा, टाळ, मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं आपलंच. कथा फक्त ख्रिस्ताची. नगरचे कृष्णराव सांगळे यात फार नावाजले होते. हरदासाच्या कीर्तनाला ज्यांना मंदिराच्या पायरीपाशी, लांब उभं राहावं लागायचं, त्यांना इथं पुढं बसता यायचं. आमच्या गटातल्या मोठ्या आई, ज्या माळकरी आहेत, हे ऐकून म्हणाल्या, "मग गेले असतील तर नवल काय!"

पण जाणं स्वस्त नव्हतं. बाप्तिस्मा घेतला की गावकी बलुतं बंद करायची. म्हणजे खळ्यावरचा वाटा गेला. पाण्याची तर आधीच मारामार. सोयरे तोडायचे, लेकीला माहेर बंद व्हायचं. १८५० साली सरकारनं कायदा केला की धर्म किंवा जात गेली म्हणून वारसाहक्क जाणार नाही. कागदावर हक्क राहिला. पण खळ्यावरचा वाटा कायद्यानं मिळत नाही.

"पोटासाठी बाटले" हे वाक्य आपण सहज बोलतो. १८७६ ते ७८ चा दुष्काळ आणि मग १८९९-१९०० चा, या दोन्ही वेळी मिशननं अन्न दिलं, कामं काढली, अनाथ पोरं सांभाळली, आणि त्यानंतर मंडळ्यांत माणसंही वाढली. हे खरंच आहे, लपवण्यासारखं नाही. पण दुष्काळ सरल्यावर पोटाची सोय बंद होते. त्यानंतर पन्नास-शंभर वर्षं जी घरं दर रविवारी सतरंजी अंथरून बसली, बलुतं गमावून बसली, त्यांचं उत्तर "पोटासाठी" या एका शब्दात येत नाही. आमच्या ताईच्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आमच्यात नाव घेऊन हाक मारायचे. गावात अगं-तुगं होतं."

आपल्या भागात या मिशनची दोन ठिकाणं मोठी होती. एक नेवासा तालुक्यातलं वडाळा. तिथं सॅम्युअल फेअरबँक यांनी बरीच वर्षं काढली. या माणसाला शेतीच्या अवजारांची आवड, पक्ष्यांची आवड, आणि गोगलगायी गोळा करण्याचाही नाद. लोक काय म्हणत असतील कोण जाणे. त्या गावाला आजही वडाळा मिशन म्हणतात. दुसरं ठिकाण आपली राहुरी. तिथं डॉक्टर बॅलंटाइन होते. त्यांचे वडील हेन्री बॅलंटाइन १८३५ सालापासून नगरला होते आणि मराठीत गीतं रचायचे. मुलगा डॉक्टर होऊन परत आला.

आणि राहुरी म्हटलं की लक्ष्मीबाई टिळकांना टाळून पुढं जाताच येत नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांना सोवळ्याओवळ्याचं वेड लागलेलं, त्या घरात बालपण. नवरा कवी, नारायण वामन टिळक. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि या बाईच्या डोक्यावर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग ती नवऱ्याकडं आली, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. नवरा ख्रिस्ती, बायको ब्राह्मण, एका छपराखाली. त्यांनी हे सगळं "स्मृतिचित्रे" या पुस्तकात लिहून ठेवलंय. शाळेत न गेलेल्या, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या बाईनं लिहिलेलं पुस्तक, पण असं की वाचताना आपली मावशी ओट्यावर बसून सांगतेय असं वाटावं. स्वतःवर हसते ती. नवऱ्याच्या रागावर, त्याच्या उधळ्या स्वभावावरही हसते.

राहुरीच्या मुक्कामात तिच्या मनातली जात हळूहळू सुटली. एका दिवसात नाही. कुणाच्या हातचं पाणी चालेल, कुणाचं नाही, हे माणसानं ठरवलं की देवानं, असा विचार करत करत ती तिथवर आली. बाप्तिस्मा नंतरचा, तो १९०० सालचा. आधी तिनं पाणी प्यालं, मग धर्म घेतला. आम्हाला हा क्रम फार मोलाचा वाटतो. त्याच दुष्काळात या जोडप्यानं अनाथ मुलं घरात घेतली होती. ज्या बाईनं सोवळ्यात डोळे उघडले, तिच्या घरात आता जातपात न विचारता पोरं जेवत होती. पुढं टिळकांनी मराठी मंडळ्यांना अभंग दिले, भजनं दिली, साहेबी चालींच्या गीतांच्या जागी आपल्या चाली आणल्या. "उपासना संगीत" हे गीतांचं पुस्तक मराठी मंडळ्यांत घरोघर असतं, त्यात टिळकांची गीतं भरपूर आहेत. टिळक १९१९ साली गेले. त्यांचं अर्धवट राहिलेलं "ख्रिस्तायन" लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

तिची गोष्ट आपल्याला कळते कारण तिनं लिहिली. पण त्या काळात आपल्या खेड्यांतून चपला झिजवणाऱ्या दुसऱ्या बायका होत्या, त्यांनी काही लिहिलं नाही. त्यांना बायबल वुमन म्हणायचे. बहुधा विधवा, नाहीतर मास्तराच्या बायका. नगरला मिशनच्या बायकांकडं वाचायला शिकायच्या आणि मग पिशवीत पुस्तक घेऊन गावोगाव पायी. माजघरात पुरुष प्रचारकाला कोण येऊ देणार? यांना येऊ द्यायचे. त्या गोष्ट वाचून दाखवायच्या, एखाद्या सुनेला गुपचूप अक्षरं शिकवायच्या, आजारपणात सांगण्यासारखं काही माहीत असलं तर सांगायच्या. पगार तुटपुंजा. आज सीआरपी ताई उन्हात हिंडते, गट बांधते, मानधन उशिरा येतं; ही तिचीच पणजी म्हणा ना.

आता मंडळी चालायची कशी, ते सांगतो, कारण गटातल्या बायांना यातच जास्त रस वाटेल. हे अमेरिकन ज्या पंथाचे होते त्यात वरून हुकूम देणारा बिशप नसतो. मंडळीचे सभासद एकत्र बसतात, पाळक कोण हवा ते ठरवतात, कुणाला सभासद करायचं ते ठरवतात, कुणी दारू पिऊन तमाशा केला तर त्याला काही काळ प्रभुभोजनाला बसू द्यायचं की नाही तेही ठरवतात. ठराव होतो, वहीत लिहिला जातो. ओळखीचं वाटतंय ना? १८५४ साली नगरला हरिपंत ख्रिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकाची दीक्षा मिळाली आणि मराठी माणसांच्या हाती मंडळ्या आल्या. नंतर वर्षातून एकदा सगळ्या मंडळ्यांची मोठी सभा नगरला भरायची. तिला "ऐक्य" म्हणायचे. बैलगाडीनं लोक जायचे, भाकरी बांधून.

अडचण कायम एकच, पैसा. पाळकाला पगार कोण देणार? मिशन देत होतं तोवर सोपं होतं. पण जो पगार देतो त्याचं ऐकावं लागतं, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून मंडळ्यांनी आपला पाळक आपण पोसावा, असा आग्रह धरला जायचा. रोजानं काम करणारी माणसं, त्यांची वर्गणी ती किती? पैसा नाही तर धान्य द्यायचं. अजूनही कापणीच्या सणाला पहिलं पीक उपासनेच्या जागी आणून ठेवतात. बाजरीची कणसं, भोपळा, अंडी, कोंबडी, ऊस. मग लिलाव होतो. आम्ही एकदा गेलो होतो. एका भोपळ्याची बोली इतकी चढली की त्या पैशात बाजारातून पाच भोपळे आले असते. घेणाऱ्यानं तो परत मंडळीला दिला आणि त्याचा पुन्हा लिलाव झाला! हसून हसून पुरेवाट. पण त्या पेटीतूनच छपराचा पत्रा बदलला जातो.

१९३० नंतर जगभर मंदी आली. अमेरिकेतून येणारा पैसा आटला. खेड्यातल्या मिशनच्या कित्येक शाळा बंद पडल्या नाहीतर लोकल बोर्डाकडं गेल्या. मास्तर गेला की बऱ्याच ठिकाणी मंडळीही विरली, कारण मास्तर हाच पाळक, हाच पत्र लिहिणारा, हाच भांडण मिटवणारा. ज्या ठिकाणी लोकांना वर्गणीची सवय होती तिथं पाच-सात घरांनीसुद्धा दिवा तेवत ठेवला. आम्हाला तर गटांची आठवण झाली. अनुदानाच्या आशेनं झालेले किती गट आपण फुटताना पाहिले!

सगळं गोड होतं असं समजू नका. ख्रिस्ती झाल्यावर जात जावी, ही या मिशनची अट होती, आणि जात काही गेली नाही. महार ख्रिस्ती मांग ख्रिस्ती घरी जेवेना, सोयरीक तर लांबच. मघाशी प्रभुभोजनाचा विधी लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी. एका भाकरीचा तुकडा, एका प्याल्यातला रस. तिथं नाक मुरडलं तर सगळ्यांना दिसायचं. रविवारी तिथं एकत्र खाल्लं तरी सोमवारी चूल वेगळीच. आजही सोयरीक जुळवताना "मूळचे कोण?" हा प्रश्न हळूच येतो. आपल्या गटातही हळदीकुंकवाला कोण कुणाच्या घरी चहा पितं ते आपल्याला माहीत आहे, तेव्हा आपण फार बोलायला नको.

१३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्याला घोषणा केली की मी हिंदू म्हणून जन्मलो पण हिंदू म्हणून मरणार नाही. येवला आपल्याच नगर-मनमाड रस्त्यावर. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९५६ साली नागपूरला दीक्षा झाली. आमच्या ताईच्या सासरच्या भावकीत त्यामुळं आज तीन वाटा आहेत : काही घरं बौद्ध, काही ख्रिस्ती, दोन घरं हिंदूच राहिली. मयताला सगळे येतात. कोणत्या पद्धतीनं करायचं यावर कधीकधी अंगणात तासभर वाद होतो.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला वेगवेगळ्या प्रोटेस्टंट पंथांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या मंडळ्या त्यात गेल्या. म्हणजे बिशप नसलेल्यांना बिशप मिळाला. काहींना ते पटलं, काहींना नाही. जागा कुणाच्या नावावर यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. त्यात आपण पडत नाही.

तर ती वही.

ताईच्या सासरची मूळ मंडळी राहुरीपलीकडच्या एका खेड्यातली. आता तिथं सात घरं. एका म्हाताऱ्या बाबांकडं पत्र्याच्या पेटीत दोन वह्या होत्या. एक लांबट, कापडी पुठ्ठ्याची. रकाने आखलेले : तारीख, नाव, वय, बापाचं नाव, आईचं नाव, गाव, पूर्वीची जात, बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव. काळी शाई, वळणदार अक्षर, काही पानं मोडीत. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी शोधले, त्यांनी पैसे घेतले नाहीत, फक्त "सावकाश पानं उलटा" एवढं दहा वेळा बजावलं.

तुमच्याकडं अशी वही असेल, कुठल्याही धर्माची, भजनी मंडळाची, तालमीची, तर आम्ही जे शिकलो ते सांगून ठेवतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका, आत दमट होऊन बुरशी येते. सुती फडक्यात ठेवा, सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला, आणि पेटी जमिनीवर न ठेवता फळीवर. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. मोबाइलवर एकेका पानाचा फोटो दिवसाउजेडी, सावलीत काढा, आणि फोटो तीन माणसांकडं ठेवा. दाखल्यासाठी फोटो चालत नाही. पाळकाकडून नोंदीचा उतारा लिहून घ्या, सही-शिक्क्यासह, आणि मूळ वही दाखवायची वेळ आली तर वहीसोबत माणूस गेला पाहिजे. वही एकटी पाठवू नका. एका मंडळीची अशी गेलेली वही परत आलीच नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं.

नोंद सापडली का? अर्धी सापडली. ताईच्या आजेसासऱ्यांचं पान जिथं असायला हवं तिथं वाळवीनं बशीएवढं भोक पाडलंय. वरती तारीख आहे, खाली पाळकाचं नाव आहे, मधलं गेलं. पण त्याच्या दोन वर्षं आधीच्या पानावर त्यांच्या बायकोची नोंद निघाली. म्हणजे नवऱ्याच्या आधी तिनं बाप्तिस्मा घेतला होता, एकटीनं. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. वय लिहिलंय, गाव लिहिलंय, जात लिहिलीय, आणि तिचं नाव लिहिलंय.

ताईच्या सासूबाईंना आम्ही ते वाचून दाखवलं. त्यांची ही सासू त्यांच्या लग्नाआधीच वारली. घरात तिला सगळे "थोरली" म्हणायचे, फोटो नाही, दुसरं नाव कुणी कधी उच्चारलं नाही. सासूबाईंनी ते नाव दोन वेळा म्हणून पाहिलं. मग विचारलं, "परत वाचा." आम्ही परत वाचलं.

दाखल्यासाठी बापाच्या बाजूचा पुरावा लागतो, त्यामुळं थोरलीच्या नोंदीवर काम भागेल असं वाटत नाही. आता आजेसासऱ्यांच्या थोरल्या भावाचं नाव शाळेच्या जुन्या रजिस्टरात शोधतोय; ती मिशनची शाळा लोकल बोर्डाकडं गेली होती, म्हणजे रजिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत असायला हवं. मुख्याध्यापकबाईंनी पुढच्या गुरुवारी बोलावलंय. मुलीच्या प्रवेशाला अजून सहा आठवडे आहेत. दुसरी वही आम्ही अजून उघडलेली नाही. गुरुजी म्हणाले, पावसाळी हवेत नको, ऊन पडू द्या.